दाजींच्या फोटोत न दिसलेलं

फोटोत काळा ठिपका दिसला नाही, म्हणून माणूस बरा झाला असं मी जाहीर करून टाकलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभं राहून, मोबाइल कानाला लावून, भर दुपारी. आणि मी कोण? भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. आता निवृत्त, पण तेव्हा चांगला नोकरीत होतो.

एवढीच चूक असती तर मी ती कधीच विकून खाल्ली असती. माझ्या फजितीवर जालन्यातल्या निम्म्या चहाच्या टपऱ्या चालल्या आहेत. भलत्याच लग्नात जेवून, आहेर देऊन, वर नवरीच्या मामाला "भाजीत मीठ कमी आहे" असं सुनावून आलो होतो — हे तुम्ही ऐकलं असेल. न ऐकलेले कमीच. पण ही गोष्ट तुम्ही ऐकलेली नाही. कुणीच नाही. बायकोला नाही, बहिणीला तर नाहीच नाही. हसवता येईल अशा रीतीनं सांगून पाहिली, मनातल्या मनात, कितीदा तरी — हसू येत नाही.

आता का सांगतोय? संताप आलाय म्हणून, असं समजा. कुणाचा, ते येईलच ओघानं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. पिंपळगाव रेणुकाईला शेती, म्हशी, आणि तोंड. हे तिसरं सगळ्यात मोठं. मेहुण्याची टिंगल करणं हा त्यांचा सातबाऱ्यावर नोंदवलेला हक्क असल्यासारखं ते वागतात. मी कॉलेजात शिकवतो हे त्यांनी कधी मान्यच केलं नाही. "कॉलेजात शिकवून राह्यला तरी मास्तरच की," म्हणायचे, आणि सगळ्या गावाला मग मी मास्तरच झालो.

या माणसाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. गावात हे नाव घ्यायचीही पंचाईत. 'खालचं दुखणं' म्हणायचं आणि विषय बदलायचा. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, ग्रंथी काढली. त्यानंतर रक्तात पीएसए नावाचा एक आकडा असतो, तो तळाला जाऊन तिथंच राहायला हवा. काही काळ राहिला. मग हळूहळू वर सरकायला लागला. ग्रंथीच नाही, तर आकडा येतो कुठून? म्हणून डॉक्टर मॅडमनी पेट स्कॅन सांगितला, आणि म्हणून मी यात आलो.

म्हणजे मी नसतो आलो तरी मला आणलंच असतं. आमच्याकडं रिपोर्ट आधी डॉक्टरकडं जात नाही, आधी भावकीतल्या शिकलेल्या माणसाकडं जातो. तो काय शिकलाय याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. मी लोकांच्या साखरेचे रिपोर्ट वाचले आहेत, मातीचे वाचले आहेत, एकदा एका म्हशीच्या गाभणपणाचाही निकाल दिलाय. — "मला यातलं कळत नाही" हे चार शब्द मी कधी उच्चारले का? एकदा तरी? लोक खुर्ची पुढं करतात, चहा येतो, चष्मा पुसायचा, 'हं' करायचं. या 'हं'चा मला आता इतका संताप येतो! माझ्या, आणि खुर्ची पुढं करणाऱ्यांच्याही. पण खुर्ची त्यांनी दिली, बसलो मी.

स्कॅनच्या दिवशी दाजींना कुणाची फिरकी घ्यावी असं झालं होतं. टोचायचं औषध गॅलियमचं होतं. तिथल्या तंत्रज्ञानं सांगितलं की ते एका जनरेटरमधून रोज सकाळी काढावं लागतं, आणि त्याला त्यांच्यात 'गाय दोहणं' म्हणतात. दाजी उठूनच बसले. "म्हंजे धार काढता? अन् मंग भाकड जाती का?" तो हसत म्हणाला, "जाते की काका, वर्षभरात." झालं, दाजींना हा दवाखाना एकदम घरचा वाटायला लागला.

आणि मी? मला कसं गप्प राहवणार? इंजेक्शन दिल्यावर तास-दीड तास बसून राहायचं होतं, तेवढ्यात मी त्यांना शिकवलं. गॅलियममधून पॉझिट्रॉन नावाचा कण निघतो. तो लगेच इलेक्ट्रॉनला भिडतो, दोघंही संपतात. त्यांच्या जागी दोन किरण बरोबर उलट्या दिशांना सुटतात, यंत्र ते दोन्हीकडून पकडतं आणि मधे रेघ ओढतं. अशा असंख्य रेघा जिथं एकमेकींना कापतात, तिथं ठिपका. जिथं आजार, तिथं ठिपका. ठिपका नाही, तर आजार नाही.

'लगेच'. हा शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. पुस्तकात खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती — पॉझिट्रॉन आधी थोडं अंतर जातो, मग संपतो, अशी काहीशी. परीक्षेला येत नाही म्हणून मी ती गाळत आलो. पोरं खूश, मी खूश. एखादी ओळ परीक्षेला आली नाही म्हणून ती खोटी होते का हो?

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघंच गेलो. फिल्म मी तिथंच पायऱ्यांवर उन्हाकडं धरली. माणसाची करडी आकृती; गालांजवळ लाळेच्या ग्रंथी काळ्या, दोन्ही मूत्रपिंडं काळी, खाली मूत्राशय तर शाईच्या दौतीसारखं. हे सगळं काळं असतंच, औषध तिथून जातं, एवढं मी वाचून गेलो होतो. बाकी कुठं काही नाही. रिपोर्टातही लिहिलं होतं, संशयास्पद काही दिसलं नाही. दिसलं नाही, असं लिहिलं होतं. मी वाचलं, 'काही नाही'.

लागलीच अक्काला फोन. "अक्का, क्लीन!"

मॅडमची वेळ अजून व्हायची होती हो. रांगेत आमच्यापुढं बरीच माणसं होती. जरा थांबलो असतो तर काय बिघडत होतं? पण बातमी पहिल्यांदा सांगायची हौस! अक्कानं रेणुकाईला नवस बोलला होता — रिपोर्ट चांगला आला तर गोंधळ घालीन, पुरणाचा नैवेद्य करीन. फोन ठेवल्या ठेवल्या ती देवळात गेली आणि शब्द देऊन आली. भाच्यानं मोबाइलवर आईच्या कृपेचं स्टेटस लावलं. आमचा नंबर लागेपर्यंत गोंधळ्यांना सांगावा गेलेला, बायका हरभऱ्याची डाळ निवडायला बसलेल्या.

मग मॅडमनी बोलावलं. दाजी म्हणाले, "तू जा मास्तर. तिचं इंग्रजी माझ्या डोक्यात शिरत न्हाई. म्या चहा घेतो." मी एकटा आत गेलो.

मॅडम वयानं माझ्या विद्यार्थिनीसारख्या. मी बसता बसता सांगून टाकलं, भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आहे. त्यांना बरं वाटलं. म्हणाल्या, मग तुम्हाला समजावणं सोपं. आणि त्यांनी जे समजावलं ते मला मुळीच माहीत नव्हतं. मी मात्र प्रत्येक वाक्याला "अर्थात, अर्थात" म्हणत होतो.

पॉझिट्रॉन लगेच संपत नाही. तो जोरात सुटतो, मांसात इकडंतिकडं आदळत, वाकडातिकडा जात दमतो, आणि दमल्यावर त्याला इलेक्ट्रॉन गाठतो. यंत्राला दिसते ती ही शेवटची जागा. निघाल्याची नाही. म्हणजे कसं — टेंभुर्णीत जन्मलेला माणूस पोटामागं फिरत फिरत जालन्यात वारला, आणि आपण फक्त सरणाची जागा बघून त्याचं गाव सांगायचं. (हे माझं, मॅडमचं नव्हे. घरी येताना जीपमध्ये सुचलं. काय उपयोग?) अशाच दुसऱ्या एका, फ्लोरिनच्या औषधातला पॉझिट्रॉन गरीब, बहुतेक वेळा मिलिमीटरभरही जात नाही. गॅलियमचा जोरकस, तो काही मिलिमीटर भटकतो. फुप्फुसासारख्या पोकळ जागेत तर आणखी लांब. रांगोळीची चिमूट बोटं जमिनीला टेकवून सोडली तर टिंब उमटतं. उंचावरून सोडली तर पसरते, फिकी पडते. गाठ मोठी असेल तर नुसत्या कडा फिसकटतात, गाठ दिसतेच. पण ज्वारीच्या दाण्याएवढं काही असेल तर ते पसरून इतकं फिकं होतं की आजूबाजूच्या करड्यात मिसळून जातं. त्यात शेजारी दौतीएवढं मूत्राशय. सगळा दोष पॉझिट्रॉनचा नाही, हेही त्या म्हणाल्या — यंत्रातल्या पकडणाऱ्या तुकड्यांनाही स्वतःची रुंदी असते, त्याहून बारीक त्यांना दिसत नाही. पॉझिट्रॉनचं भटकणं त्यात भर घालतं.

"म्हणून सर, फोटो स्वच्छ आहे याचा अर्थ शरीर स्वच्छ आहे असा नाही. रक्त सांगतंय की काहीतरी आहे. लहान आहे तोवर जुन्या जागेवर किरणांचे उपचार सुरू करू. थांबायला नको. सोमवारी त्यांना घेऊन या."

मी म्हणालो, "अर्थात."

बाहेर आलो. दाजी लिंबाखाली कप हातात घेऊन उभे होते. मला पाहून कप खाली ठेवला — चहा अर्धाच होता. एवढ्या तोंडाळ माणसाचं तोंड एकदम लहान झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"काय म्हणली डाक्टरीणबाई?"

तुम्ही असता तर काय केलं असतं? — नको, हे विचारायचा मला अधिकार नाही. मी काय केलं ते सांगतो. माझ्या डोळ्यांपुढं आधी दाजी आले नाहीत. देवळात शब्द देऊन बसलेली अक्का आली, डाळ आली, गोंधळी आले, आणि त्या सगळ्यांपुढं "मी चुकलो" म्हणणारा मास्तर आला. तो मला बघवला नाही.

"काही नाही दाजी. क्लीन आहे. चला."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वजनदार हात आहे त्यांचा.

अजून ते कबूल करण्याजोगं आहे, बरं का. भीतीनं जीभ वळली नाही, दोन दिवसांनी वळली असती. मलाही तसंच वाटत होतं. गोंधळ होऊ दे, सोमवारच्या आत सांगू.

गोंधळ झाला. संबळ वाजलं, दिवट्या पेटल्या, पंगती उठल्या. आणि माझा सत्कार झाला! टॉवेल, टोपी, नारळ. चार माणसांत उभं करून सरपंच म्हणाले की शिकलेलं माणूस घरात असलं की असं असतं. मी टोपी घालून हात जोडले. त्या टोपीला काटे होते असं काहीतरी इथं लिहायचा मोह होतोय. नव्हते. टोपी बरोबर बसली होती, आणि मला बरं वाटत होतं. खरं तेच सांगतो.

नवस फिटला की त्या दुखण्याचं नाव घरात घ्यायचं नाही, अशी अक्काच्या सासरची रीत. पुन्हा दवाखान्याची पायरी चढणं म्हणजे देवीवर भरवसा नसणं. आता कसं सांगणार? मला आयताच आडोसा मिळाला. पण त्या आईनं थोडंच सांगितलं होतं, डॉक्टरच्या आधी मला जेवू घाला म्हणून? घाई देवीची नव्हती. फोन मी केला होता. मी देवीच्या पाठीमागं लपलो, आणि वर इतकी वर्षं रीतीला, अंधश्रद्धेला, खेड्याला शिव्या देत फिरलो. भाषणंही केली. विज्ञानदिनाला!

सोमवार गेला.

आणि मग — हे आता येतंय ते, ज्याच्याभोवती मी एवढा वेळ फिरतोय. दवाखान्यातून फोन आला. फायलीवर नंबर माझा होता, कारण शिकलेला मी. फोन मॅडमचाच होता. पेशंट का आला नाही, त्यांनी विचारलं. मी कॉलेजच्या व्हरांड्यात उभा होतो. कुणी अडवलं नव्हतं, कुणी ऐकत नव्हतं. ना अक्का समोर होती, ना गोंधळी, ना दाजींचं लहान झालेलं तोंड. खरं बोलायला इतकी मोकळी जागा माणसाला क्वचित मिळते.

मी म्हणालो, "आम्ही पुण्याला दाखवतोय, मॅडम. तिथं उपचार सुरू होताहेत."

त्या म्हणाल्या, "छान. उशीर करू नका फक्त."

पायऱ्यांवरचा फोन हा मूर्खपणा होता. लिंबाखालचं वाक्य भित्रेपणा. पण हे? याला कुठला शब्द लावायचा? हे मी शांतपणे, पूर्ण शुद्धीत, एका माणसाचे उपचार बंद करून टाकणं होतं. नंतर वर्गावर गेलो. शिकवलं.

पुढच्या वर्षी दाजींची कंबर धरली. आधी म्हशीनं ढकललं असेल असं वाटलं, मग मालिश झालं, मग लेप. शेवटी तपासलं तेव्हा मणक्यात उतरलं होतं. आणि मग काय एकेकाचा भडका उडाला! अक्का म्हणे मशीनच खोटी. भाचा म्हणे लुटारू आहेत साले, फोटोत काही न्हाई म्हणले अन् आता हे. सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं? मी. यंत्रं जुनी असतात, रिपोर्ट डोळे मिटून लिहितात, माणसाच्या जिवाची किंमत नाही — असा संतापलो होतो की अक्कानंच मला पाणी दिलं. त्या यंत्रानं बिचाऱ्यानं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. जेवढं दिसलं तेवढं सांगितलं. पॉझिट्रॉनही खोटं बोलला नाही. त्याला जिथवर जायचं तिथवर गेला. त्या अख्ख्या साखळीत, अणूपासून पिंपळगावपर्यंत, खोटं बोलणारा एकच कण होता.

भाचा मॅडमला जाब विचारायला निघाला होता. मी त्याला आवरलं. समजूतदार मामा म्हणून माझं कौतुक झालं. मी म्हणालो, झालं ते झालं, आता दुसरीकडं चांगल्या ठिकाणी नेऊ. आणि नेलं — दूरच्या दवाखान्यात, दर वेळी सगळा दिवस मोडेल इतक्या दूर. मणका दुखणाऱ्या माणसाला त्या रस्त्यावरून धक्के खात नेलं, का, तर मॅडमची आणि अक्काची गाठ पडू नये म्हणून.

नव्या डॉक्टरांना मी एकदा आडून विचारलं, वेळेत किरण दिले असते तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित आटोक्यात आलं असतं, कदाचित नाही. या 'सांगता येत नाही'वर मी काही दिवस चांगली झोप काढली. मग स्वतःचीच किळस आली. ते वाक्य डॉक्टरांच्या तोंडात ठीक आहे. माझ्या तोंडात ते चोरीचं आहे.

दाजी आहेत. इंजेक्शनं चालू आहेत, काठी आली आहे, आवाज तेवढाच आहे. म्हशी विकल्या. मला पाहिलं की अजून "आलं का मास्तर" म्हणतात, पण मागं जो एक टोमणा हमखास यायचा, तो आताशा येत नाही. का येत नाही, मी विचारलेलं नाही. अक्का मला अजूनही पहिली भाकरी वाढते. मी खातो.

परवा पिंपळगावला गेलो होतो. दाजींसोबत ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात वरल्या आळीतले आबा आले. सुनेचा स्कॅन झालाय, हातात मोठं पाकीट. "बरं झालं मास्तर भेटले," म्हणाले, "जरा बघून सांगा ना, कसं हाय ते." आणि पाकीट माझ्यापुढं धरलं. माझा हात पुढं गेला होता — हो, गेला होता, एवढं सगळं होऊनही.

दाजींनी काठी मधे घातली. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "ह्याला नका इचारू आबा. ह्यो आपल्याला बरं वाटंल तेच सांगतो. नीट डाक्टरकडं जा, अन् जाताना ह्याला संगं नेऊ नका."